तीन कामं पुरेत, मॅडम

*पत्र थोडक्यात:* मी पश्चिम उपनगरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्राची पूर्णवेळ सहायक प्राध्यापक आहे. १ जुलै २०१९ ला रुजू झाले. पीएचडी झालेली नाही, नोंदणी जानेवारी २०२१ ची. येत्या जुलैत सहा वर्षं भरतात, म्हणून कॅससाठी, म्हणजे ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या पदोन्नतीच्या योजनेसाठी, फाइल लावायला घेतली. आयक्यूएसीचे (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक म्हणतात, "२०२२-२३ मध्ये तुमचे नेमून दिलेले तास ४८०, घेतलेले १६८. पस्तीस टक्के. हे वर्ष धरता येणार नाही, एक वर्ष थांबा." त्या वर्षी ४ जुलै ते ३० डिसेंबर मी प्रसूती रजेवर होते. वर स्वागत, सूत्रसंचालन, रांगोळी, महिला विकास कक्ष, हळदीकुंकू, स्टाफ पिकनिक अशा नऊ समित्यांवर माझं नाव आहे. घर डोंबिवलीत, मुलगा लहान. पीएचडी सोडून द्यावी का? आमच्याच विभागातल्या तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) मैत्रिणीला तर बाळंतपणानंतर "आता गरज नाही" असं तोंडी सांगितलं. तिचं काय?

नमस्कार मॅडम,

एक वर्ष थांबू नका. समन्वयकांचा भागाकार बरोबर आहे, पण ज्या आकड्याने भागलं तो, ४८०, चुकला आहे.

तुमचं मूल्यमापन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांनुसार होतं. त्यातल्या परिशिष्ट दोनमध्ये महाविद्यालयीन शिक्षकांसाठीचा तक्ता एक आहे. सगळेजण तो तक्ता पाहतात आणि त्याखालची टीप सोडून देतात. टीप सांगते की प्रसूती रजा, बाल संगोपन रजा, अध्ययन रजा, वैद्यकीय रजा अशा रजांचा काळ श्रेणी काढताना वगळायचा, उरलेल्या काळातल्या कामावर श्रेणी काढायची आणि तीच पूर्ण कालावधीला लावायची. अशा रजेमुळे शिक्षकाचं कॅसमध्ये नुकसान होता कामा नये, असंही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. अट एकच: रजा सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीने, रीतसर घेतलेली हवी.

आता तुमचंच गणित करू. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, वर्षाला ३० आठवडे, म्हणजे ४८० तास. तुमच्या रजेत अध्यापनाचे १८ आठवडे गेले असं धरू; तुमच्या महाविद्यालयाच्या त्या वर्षीच्या शैक्षणिक कॅलेंडरवरून हा आकडा मोजून घ्या, अंदाजाने लिहू नका. उरले १२ आठवडे. बारा गुणिले सोळा, १९२ तास. त्यातले तुम्ही १६८ घेतलेत. १६८ भागिले १९२ म्हणजे ८७.५ टक्के. तक्त्यात ८० आणि त्यावर 'चांगले', ७० ते ८० 'समाधानकारक', ७० च्या खाली 'असमाधानकारक'. ज्या वर्षाला ते 'धरता येणार नाही' म्हणतात, त्या वर्षी अध्यापनात तुम्ही वरच्या श्रेणीत आहात.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. सहा वर्षांच्या कालावधीत किमान पाच वर्षांचे वार्षिक अहवाल 'समाधानकारक' किंवा 'चांगले' असले की पुरतं. म्हणजे टीप बाजूला ठेवली तरी एक वर्ष खराब चालतं. पण ही सवलत रजेच्या वर्षावर उधळू नका. ती २०२०-२१ साठी लागू शकते. कोविडच्या वर्षातले ऑनलाइन तास सिद्ध करताना भल्याभल्यांची तारांबळ उडते: गुगल मीटच्या लिंक बंद, हजेरीच्या शीट ज्या मेलवर होत्या तो मेल बंद, विभागप्रमुख निवृत्त. त्या वर्षाचं वेळापत्रक, डेली डायरी आणि विभागप्रमुखांच्या सहीचा तासांचा गोषवारा आजच शोधायला लागा. रजेचं वर्ष सोपं आहे, खरं काम हे आहे.

रजेच्या वर्षात अडचण आलीच तर ती 'पूर्वमंजुरी' या शब्दावर येते. बऱ्याच ठिकाणी होतं असं की अर्ज दिला जातो, प्राचार्य "हो हो, जा तुम्ही, काळजी घ्या" म्हणतात, पगारही येत राहतो आणि मंजुरीचा आदेश कुणी काढतच नाही. तीन वर्षांनी फाइल लावताना कार्यालय म्हणतं, आदेशाची प्रत कुठे? म्हणून आधी तीन कागद समोरासमोर ठेवून तपासा: मंजुरी आदेश त्याच्या जावक क्रमांकासह, सेवापुस्तकातली रजेची नोंद आणि त्या सहा महिन्यांच्या पगारपत्रकांतला शेरा. तिन्हीकडे तारखा एकच हव्यात. ४ जुलै ते ३० डिसेंबर म्हणजे दोन्ही दिवस धरून बरोबर १८० दिवस होतात, तेव्हा सेवापुस्तकात कुणी ३१ डिसेंबर लिहून ठेवलं असेल तर आताच दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चितीच्या वेळी तो एक दिवस शंकेचा शेरा घेऊन परत येतो. प्रसूती रजेला जोडून तुम्ही बिनपगारी असाधारण रजा घेतली असेल तर तिचा प्रश्न वेगळा आहे. तेव्हा वार्षिक वेतनवाढीची तारीख पुढे गेली होती का ते पाहा. गेली असेल तर सहा वर्षं नेमकी कधी भरतात ते आधी लेखा विभागाकडून लेखी घ्या.

आदेश सापडत नसेल तर प्राचार्यांना साक्षांकित प्रत मागणारा साधा अर्ज करा आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. दोन आठवड्यांत काही झालं नाही तर माहितीच्या अधिकाराखाली मागा. अनुदानित महाविद्यालयाला तो कायदा लागू आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे त्यात नऊ समित्यांची व्यथा मांडू नका, फक्त रजा मंजुरीचा आदेश आणि सेवापुस्तकाचं संबंधित पान मागा. स्वतःच्याच कार्यालयाला माहिती अधिकाराचा अर्ज द्यायला संकोच वाटतो हे खरं, पण बहुतेक वेळा पोच घेतलेल्या पहिल्याच अर्जाने काम होतं.

त्यानंतर फाइलला जोडायचं पत्र. मजकूर एवढाच ठेवा:

"विषय: सन २०२२-२३ च्या वार्षिक मूल्यमापनातून प्रसूती रजेचा कालावधी वगळण्याबाबत. महोदय, मी दि. ४ जुलै २०२२ ते ३० डिसेंबर २०२२ या कालावधीत पूर्वमंजुरीने प्रसूती रजेवर होते (आदेश जावक क्र. व दिनांक, प्रत सोबत). विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांतील परिशिष्ट दोन, तक्ता एक खालील टीपेनुसार हा कालावधी वगळून श्रेणी काढणे आवश्यक आहे. उर्वरित १२ आठवड्यांत नेमून दिलेले तास १९२, प्रत्यक्ष घेतलेले १६८, टक्केवारी ८७.५. कृपया त्यानुसार श्रेणीची नोंद व्हावी."

सोबत तक्त्याच्या आणि टीपेच्या पानाची छापील प्रत, टीपेवर पिवळी खूण करून. "मला अन्यायकारक वागणूक", "एक आई म्हणून" वगैरे काही लिहू नका. छाननी समितीत प्राचार्य, विभागप्रमुख आणि कुलगुरूंनी नेमलेले विषयतज्ज्ञ असतात. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना अर्ध्या दिवसात चार-पाच फाइली उलटायच्या असतात. त्यांच्या डोळ्यांना आकडा आणि नियम एकाच पानावर दिसला की पुढचं पान उलटलं जातं.

आता समित्या. वाचून राग येईल अशी एक गोष्ट सांगायची आहे. तक्त्यातला दुसरा भाग अध्यापनाव्यतिरिक्तच्या कामाचा. त्यात प्रशासकीय जबाबदारी, परीक्षा आणि मूल्यमापन, विद्यार्थ्यांचे सांस्कृतिक-क्रीडा-विस्तार उपक्रम, परिसंवाद-कार्यशाळांचं आयोजन, पीएचडी मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प आणि मान्यताप्राप्त नियतकालिकातला निबंध असे गट आहेत. वर्षाला तीन कामं असली की 'चांगले'. एक-दोन असली की 'समाधानकारक'. एकही नसेल तर 'असमाधानकारक'. चारला वेगळी श्रेणी नाही, नऊला तर नाहीच. चौथ्या समितीपासून पुढे तुम्ही जे करताय ते या तक्त्यापुरतं फुकट आहे.

बरं, ती तीन कामं वेगवेगळ्या गटांतलीच हवीत असंही नाही. परीक्षेचं काम तुम्ही करताच: सुपरव्हिजन, कॅपला (विद्यापीठाच्या केंद्रीय मूल्यांकनाला) पेपर तपासणी. ते एक झालं, फक्त नेमणुकीचं पत्र आणि कॅपचं उपस्थिती प्रमाणपत्र जपून ठेवा. महिला विकास कक्षाच्या तुम्ही निमंत्रक असाल तर ते दुसरं. नुसत्या सदस्य असाल तर वर्षाला दोन कार्यक्रमांचा अहवाल तुमच्या नावाने आणि सहीने आयक्यूएसीकडे जमा झालेला हवा. तिसरं काम तुम्ही निवडा. एनएसएस किंवा डीएलएलई (विद्यापीठाचा आजीवन अध्ययन व विस्तार विभाग) घेतलंत तर विस्तारकार्य चांगलं दिसतं, पण शिबिरं आणि शनिवार-रविवार त्यात जातात. मूल तीन वर्षांचं असताना मी ते सुचवणार नाही. प्रवेश समिती जून-जुलैत पिळून काढते आणि मग मोकळं सोडते. डोंबिवलीहून येणाऱ्या बाईला वर्षभर ठिबकणाऱ्या कामापेक्षा असं एकगठ्ठा काम परवडतं.

रांगोळी आणि सूत्रसंचालन सांस्कृतिक उपक्रमात बसू शकतं, पण कागद असेल तरच. स्टाफरूममध्ये बायकांकडे येणाऱ्या कामाची खोड हीच असते की ते तोंडी येतं. "मॅडम, तुमचं मराठी छान आहे, जरा माइक सांभाळा ना." तेवढ्यावर तीन तास जातात आणि अहवालात 'समारंभाचे आयोजन' या सदराखाली भलत्याचंच नाव छापून येतं. सरळ नाही म्हणणं जड जात असेल तर असं म्हणा: "करते सर. परिपत्रकात समन्वयक म्हणून माझं नाव येऊ दे, आणि त्याबदली पिकनिक समितीतून मला मोकळं करा." दोनदा असं झालं की तोंडी कामं दुसरीकडे वळायला लागतात. समित्यांची यादी बहुतेक ठिकाणी जूनमध्ये लागते, लागल्यावर भांडून उपयोग नसतो. एप्रिलच्या अखेरीला प्राचार्यांना चार ओळींचं पत्र द्या: गेल्या वर्षी या नऊ समित्या होत्या, येत्या वर्षी या तीन द्याव्यात, स्वागत-सजावटीची कामं विभागनिहाय फिरती असावीत. हळदीकुंकवाची समिती महाविद्यालयाच्या यादीत काय करते हा प्रश्न मात्र मी तुमच्या प्राचार्यांसाठी ठेवते.

तारखांकडे लक्ष द्या. मुदत भरण्याआधीच्या तीन महिन्यांत अर्ज देता येतो, म्हणजे तुमच्यासाठी एप्रिलपासून. अर्ज आल्यापासून सहा महिन्यांत महाविद्यालयाने प्रक्रिया पूर्ण करायची असते. किमान मुदत भरताच अर्ज केला आणि त्यात यशस्वी ठरलात तर पदोन्नती मुदत भरल्याच्या तारखेपासून, असा आयोगाचा नियम आहे. अपात्र ठरलात तर पुन्हा किमान वर्षभराने. म्हणून अर्धवट फाइल घाईने लावू नका, आणि पूर्ण फाइल कुणाच्या सांगण्यावरून थांबवूही नका. तुमची सध्याची वेतनश्रेणी म्हणजे लेव्हल १०, तिची सुरुवात ५७,७०० ला आहे, पुढच्या ११ ची ६८,९०० ला. वार्षिक वेतनवाढी धरता आजचा प्रत्यक्ष फरक महिन्याला थोडाच दिसेल आणि कुणीतरी म्हणेलच, "एवढ्यासाठी कशाला?" पण इथून पाच वर्षांनी लेव्हल १२, त्यानंतर तीन वर्षांनी १३ए, म्हणजे सहयोगी प्राध्यापकपद, आणि तिथे वेतन १,३१,४०० पासून सुरू होतं. आज २०२५ चं २०२६ होऊ दिलंत तर सहयोगी प्राध्यापकपद २०३३ वरून २०३४ वर जातं. मोठ्या पगाराचं एक अख्खं वर्ष तुम्ही आज, भागाकारातल्या एका चुकीच्या आकड्यापायी सोडून देत असता.

अर्हतेचे दोन कागद राहिले. २१ दिवसांचा ओरिएंटेशन आणि त्याशिवाय एक रिफ्रेशर, हे शिक्षकांसाठीचे प्रशिक्षणवर्ग. किंवा रिफ्रेशरऐवजी किमान एकेक आठवड्याचे दोन कार्यक्रम, किंवा प्रमाणपत्रासह एक मूक्स (खुला ऑनलाइन अभ्यासक्रम). कालिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या आवारात, जाऊन तीन आठवडे बसणं शक्य नसेल तर मालवीय मिशनच्या शिक्षक प्रशिक्षण केंद्रांचे ऑनलाइन अभ्यासक्रम पाहा. त्यात फसगत एका ठिकाणी होते. ऑनलाइन आहे म्हणून महाविद्यालय त्याच दिवशी तासही घ्यायला लावतं, मग कॅमेरा बंद राहतो, हजेरी कमी भरते आणि प्रमाणपत्र अडकतं. कर्तव्यरजेचा आदेश आधी हातात घ्या, मग नाव नोंदवा. निबंध छापायचा असेल तर छापा, पण पैसे भरून चार दिवसांत 'स्वीकृत' करणाऱ्या नियतकालिकांकडे फिरकू नका. तुमच्या या टप्प्याला तीन कामं निबंधाशिवायही भरतात.

पीएचडी सोडू नका. या टप्प्याला ती लागत नाही, लेव्हल १२ वरून १३ए ला जाताना ती सक्तीची आहे, म्हणजे २०३३ च्या आत. तुमची नोंदणी जानेवारी २०२१ ची, म्हणून तुम्हाला आयोगाचे पीएचडीसाठीचे २०१६ चे नियम लागू. कमाल सहा वर्षं जानेवारी २०२७ ला संपतात. महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय पूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बाल संगोपन रजा मिळू शकते. दोन्ही आपोआप मिळत नाहीत, अर्ज करावा लागतो, आणि तो सहा वर्षं संपण्याच्या आधी, मार्गदर्शकांच्या शिफारशीसह. २०२२ च्या बाळंतपणात तुम्ही महाविद्यालयात रजा घेतलीत, पण संशोधन केंद्राला कळवलं होतं का? नसेल तर विद्यापीठाच्या दृष्टीने तुम्ही तेव्हाही संशोधन करतच होतात. दर सहा महिन्यांचे प्रगती अहवाल त्या काळातले राहिले असतील तर ते आधी मार्गदर्शकांशी बोलून भरून काढा. मुदतवाढीच्या अर्जाला पहिला अडथळा तोच येतो. वेळ काढायचा तर रोजचा अर्धा तास वगैरे विसरा, डोंबिवली लोकलमध्ये उभं राहून सारणी तपासली जात नाही. वेळापत्रक लागताना आठवड्यातला एक दिवस सकाळी सातपासूनचे सलग तास मागून घ्या. नियमाप्रमाणे रोज किमान पाच तास उपस्थिती लागते, ती बारापर्यंत भरते, आणि दुपार कालिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात घालवता येते.

प्राचार्यांनी फाइल घ्यायलाच नकार दिला तर नोंदणीकृत टपाल आणि ईमेल, दोन्ही मार्गांनी पाठवा. सहा महिने उलटले की २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम ७९ खालची तक्रार निवारण समिती आहे. त्याआधी बुक्टूच्या, म्हणजे मुंबईतल्या प्राध्यापकांच्या संघटनेच्या, पदाधिकाऱ्यांना एकदा फाइल दाखवा. अशी गणितं त्यांच्यापुढे नेहमी येतात आणि कधी कधी त्यांच्या एका फोनवर मिटतात.

तुमच्या मैत्रिणीचं प्रकरण याहून गंभीर आहे आणि तिला वेळ कमी आहे. तासिका तत्त्वावर आहे म्हणून प्रसूतीचा लाभ नाही, हे खरं नाही. रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही तो मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं, आणि कराराची मुदत मध्येच संपली तरी लाभ पूर्ण काळाचा द्यावा लागतो हे २०२३ मध्ये डॉ. कविता यादव प्रकरणात. अट अशी की अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. सीएचबीत पगार तासांवर निघतो, त्यामुळे दिवसांचा हिशेब कुणी ठेवत नाही. तिला सांगा, त्या वर्षाची मस्टरची पानं, वेळापत्रक आणि मासिक बिलांच्या प्रती गोळा करून दिवस मोजायचे. आणि त्या तोंडी "गरज नाही"वर प्राचार्यांना आजच ईमेल करायचा: अमुक तारखेला मला असं सांगण्यात आलं, कृपया लेखी कळवावं. उत्तर आलं नाही तरी तारखेसकट तिचा कागद तयार होतो. तो आणि दिवसांचा तक्ता घेऊन तिला संघटनेकडे किंवा वकिलाकडे याच महिन्यात जाऊ दे.